ताडोबा वर्षातून एकदा, नांदूर मध्यमेश्वर दर रविवारी: मग लेन्स कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकचे आहेत. त्यांच्याकडे निकॉन डी७५०० हा कॅमेरा आणि ७०-३०० ही लेन्स आहे (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे; आकडा जितका मोठा, तितका प्राणी जवळ दिसतो), त्याआधीचा डी५३०० कपाटात पडून आहे, दीड लाखापर्यंत खर्च करायची तयारी आहे आणि मे महिन्यातले ताडोबाचे बुकिंग झालेले आहे. हिवाळ्यात ते जवळजवळ दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जातात. २००-५०० घ्यावी, १५०-६०० घ्यावी, ३०० एमएमची प्राइम (झूम नसलेली) लेन्स टेलिकन्व्हर्टरसह, म्हणजे पल्ला वाढवणाऱ्या जोडासह घ्यावी, की सगळे विकून मिररलेसकडे, म्हणजे आतला आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांकडे वळावे, असे त्यांनी विचारले आहे आणि शेवटी लिहिले आहे, ‘बाकी काही असो, वाघ तरी नीट यायला हवा.’

मला खरा पेच त्या शेवटच्या वाक्यात दिसतो. तुम्ही लेन्स वाघासाठी निवडत आहात, पण ती वापरणार आहात पक्ष्यांसाठी. वाघाला आपण समजतो त्यापेक्षा बरीच लहान लेन्स पुरते, पक्ष्यांना मात्र कितीही मोठी घेतली तरी थोडी कमीच पडते. त्यामुळे निर्णय नांदूरच्या गरजेवरून घ्यावा आणि ताडोबाची सोय तुमच्याकडे आधीच असलेल्या सामानातून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे जरा विस्ताराने सांगते.

आधी थोडे गणित करू, कारण या विषयातले निम्मे वाद त्याने मिटतात. सेन्सरवर प्राण्याची प्रतिमा किती मोठी उमटेल हे काढायचे असेल, तर प्राण्याच्या आकाराला फोकल लेंग्थने गुणावे आणि अंतराने भागावे. तुमच्या डी७५०० चा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद आणि १५.७ मिलिमीटर उंच आहे. शेपूट सोडून वाघाचे शरीर अंदाजे १.८ मीटर लांब धरले आणि तो २० मीटरवरून आडवा चालत गेला, तर २०० एमएमवर त्याची प्रतिमा १८ मिलिमीटर होते. म्हणजे फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग भरला, शिवाय पुढे-मागे श्वास घ्यायला थोडी जागाही उरली. तोच वाघ ५०० एमएमवर ४५ मिलिमीटर होतो, म्हणजे तो फ्रेममध्ये मावतच नाही आणि तुम्हाला फक्त डोके आणि खांदा मिळतो. आता खंड्या घ्या. लहान खंड्या सुमारे १७ सेंटिमीटरचा असतो. तो दहा मीटरवर बसला असेल, आणि दहा मीटर म्हणजे नशीबच म्हणायचे, तर ३०० एमएमवर त्याची प्रतिमा जेमतेम ५ मिलिमीटर होते, ५०० वर साडेआठ आणि ६०० वर दहा.

ताडोबाच्या रस्त्यांवर वाघ दिसतो तेव्हा तो बहुधा दहा ते तीस मीटरच्या टप्प्यात असतो. मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघीण समोरून चालत यायला लागली की सगळ्या जिप्सी हळूहळू मागे घेतल्या जातात, आणि पुढच्या पाच-सात मिनिटांत ती कधी चाळीस मीटरवर असते, तर कधी आठ मीटरवर. अशा वेळी ज्याच्या हातात फक्त लांब पल्ल्याची लेन्स आहे, तो डोळे आणि मिशा टिपत राहतो. त्याच रस्त्याच्या कडेला गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. त्या खांबांशेजारून जाणारी वाघीण हा खास ताडोबाचा फोटो आहे, तो दुसऱ्या कुठल्याही जंगलात मिळायचा नाही, आणि तो ७० ते १५० एमएमच्या दरम्यान मिळतो. नुसता चेहरा भरलेला वाघ कान्ह्याचा आहे, पेंचचा आहे की ताडोबाचा, हे नंतर तुम्हालाही सांगता येत नाही.

पाणवठ्यावर गोष्ट थोडी वेगळी असते, हे मान्य करायला हवे. मे महिन्यात वाघ तेलिया किंवा पांढरपौनीसारख्या ठिकाणी पाण्यात बसलेला असतो आणि पलीकडच्या काठाशी असला तर अंतर शंभर मीटरपर्यंत जाते. तिथे ५०० एमएमवरही तो ९ मिलिमीटरच भरतो. पण मे महिन्याच्या सकाळी नऊनंतर एवढ्या अंतरावरून कोणतीही लेन्स धारदार फोटो देत नाही, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते. ती थरथर फोटोत मऊपणा होऊन उतरते आणि लोक विनाकारण लेन्सला दोष देतात. लांब लेन्सवर ही थरथर कमी होत नाही, उलट प्राण्याबरोबर तीही मोठी होऊन दिसते.

नांदूरचे स्वरूप याच्या उलट आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेला हा उथळ, गाळाने भरत गेलेला जलाशय महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हे तुम्ही जाणताच. या उथळपणामुळेच पक्षी काठापासून दूर, बेटांसारख्या वनस्पतींच्या पट्ट्यांत पसरलेले असतात आणि आपण मनोऱ्यावर किंवा बांधावर अडकलेले असतो. मनोऱ्यावरून शंभर मीटरवर घिरट्या घालणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, ज्याचा पंखविस्तार साधारण १.२ मीटर असतो, ५०० एमएमवर ६ मिलिमीटर भरतो आणि ६०० वर सव्वासातच्या आसपास. तेव्हा मनोऱ्यावरून पक्ष्याने फ्रेम भरावी ही अपेक्षा कोणत्याही लेन्सकडून ठेवू नका. तिथे थवा, पाणी आणि आकाश यांचा फोटो काढावा, पक्षी दुर्बिणीतून पाहावेत आणि जवळचे फोटो बांधाच्या वाटेवर, शेतांच्या कडेला, कालव्याशी मिळवावेत. तिथे वेडा राघू, कोतवाल, खाटीक, धोबी असे पक्षी पंधरा-वीस मीटरपर्यंत जवळ येऊ देतात, आणि लांब लेन्सवर केलेला खर्च खऱ्या अर्थाने तिथेच वसूल होतो.

आता तुमचा मूळ वाद, २००-५०० की १५०-६००. सहाशे हा आकडा पाचशेपेक्षा मोठा आहे खरा, पण फरक किती ते पाहा. डी७५०० वर सुमारे २१ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. ५०० वर काढलेला फोटो कापून ६०० इतका जवळ आणला, तर साडेचौदा मेगापिक्सेल उरतात. भिंतीवर लावण्याजोग्या प्रिंटला ते पुरेसे आहेत. याउलट तुमच्या ३०० वरचा फोटो कापून ५०० इतका जवळ आणला, तर साडेसात मेगापिक्सेलच उरतात, शिवाय नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, आणि लेन्सचे दोष त्याच प्रमाणात मोठे दिसू लागतात. म्हणजे ३०० वरून ५०० वर जाण्यात मोठी कमाई आहे, ५०० वरून ६०० वर जाण्यात थोडी.

निकॉनची २००-५०० सगळ्या टप्प्यांवर एफ/५.६ राहते (हा अपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान, तितका प्रकाश जास्त). सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० जी२ या दोन्ही लेन्स लांब टोकाकडे एफ/६.३ वर गेलेल्या असतात. फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे मोठा नाही, आणि केवळ त्यासाठी मी कुणाला २००-५०० घ्या असे सांगणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. बॉडी आणि लेन्स एकाच कंपनीच्या असल्या की पुढेमागे बॉडी बदलल्यावर ऑटोफोकस अडखळण्याचा प्रश्न सहसा येत नाही. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या लेन्सना नव्या बॉडीसाठी कधीकधी फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे लागते, आणि त्यासाठी त्यांचे वेगळे डॉक किंवा कन्सोल लागते. ते मिळत असेल आणि असली खटपट तुम्हाला आवडत असेल, तर त्या लेन्सही चांगल्या आहेत, शिवाय वजनाने हलक्या आहेत. सिग्मा कंटेम्पररी दोन किलोच्या किंचित आत आहे, टॅमरॉन दोन किलोच्या आसपास, आणि २००-५०० तिच्या कॉलरसह २.३ किलो भरते.

या २.३ किलोंबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. त्यात बॉडी मिळवली की तीन किलो झाले. तुमचे वय, पाठ आणि खांदे कसे आहेत हे मला ठाऊक नाही, आणि उत्तर इथे खरोखर त्यावर अवलंबून आहे. उडणाऱ्या पक्ष्यामागे तीन किलो वजन हातात धरून फिरवणे दहा मिनिटे ठीक वाटते, त्यानंतर हात खाली येतो आणि नेमका तेव्हाच घार सूर मारते. तुम्ही मनोऱ्यावर किंवा बांधावर एका जागी थांबणारे असाल, तर मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड, लावून हे वजन सहज निभते. पण तुम्ही सकाळभर तीन-चार किलोमीटर चालणारे असाल, तर मी तुम्हाला तुमच्याच यादीतला तिसरा पर्याय गंभीरपणे पाहायला सांगेन: ३०० एमएम एफ/४ पीएफ, १.४ पटीच्या टेलिकन्व्हर्टरसह. ही लेन्स केवळ ७५५ ग्रॅमची आहे. कन्व्हर्टर लावल्यावर ४२० एमएम एफ/५.६ मिळते आणि एकूण वजन किलोच्या आत राहते. २००-५०० पेक्षा तिचा फोकसही चपळ आहे. वापरलेली मिळाली तर ती तुमच्या बजेटमध्ये कन्व्हर्टरसह बसू शकते. उणीव उघड आहे: झूम नाही आणि पल्ला ४२० वर संपतो. ज्यांच्या खांद्याने संप पुकारला आहे, त्यांना मी हाच पर्याय सुचवते आणि ते सुखी असतात.

टेलिकन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो आणि दोन पटीचा दोन स्टॉप. एफ/४ च्या प्राइमला एक स्टॉप परवडतो. एफ/५.६ च्या झूमवर तोच कन्व्हर्टर लावला की ती एफ/८ होते, आणि तुमच्या डी७५०० मध्ये एफ/८ वर फक्त मधला एकच फोकस बिंदू काम करतो. हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी तोही चाचपडत राहतो. तेव्हा २००-५०० बरोबर कन्व्हर्टर घेऊ नका. दुकानदार ‘जोडीला देऊन टाकतो, साहेब’ म्हणाला तरी घेऊ नका.

‘पहाटेच्या प्रकाशात एफ/५.६ कसे पुरणार, एफ/४ किंवा एफ/२.८ नको का,’ हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असणारच. पाचशे-सहाशे एमएमच्या एफ/४ लेन्सच्या किमती तुमच्या बजेटच्या कित्येक पट आहेत आणि ते साहजिक आहे. सहाशेला चारने भागले की दीडशे मिलिमीटर येतात, म्हणजे पुढची काच किमान तेवढ्या व्यासाची घडवावी लागते. सहाशेला ६.३ ने भागले की ९५ उरतात. सगळा पैसा आणि सगळे वजन त्या काचेत आहे. बदल्यात मिळते ते असे: एफ/६.३ वर जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की नॉइजही वाढतो) ८००० लागतो, तिथे एफ/४ वर ३२०० पुरतो. दहा वर्षांपूर्वी हा फरक फोटो ठेवायचा की टाकायचा हे ठरवत असे. आता नॉइज काढणारी सॉफ्टवेअर इतकी सुधारली आहेत की डी७५०० वर आयएसओ ६४०० चा रॉ फोटो मी बिनदिक्कत स्वीकारते. मागची झाडी विरघळल्यासारखी मऊ होणे हा मोठ्या काचेचा दुसरा फायदा मात्र सॉफ्टवेअरने तसाच्या तसा मिळत नाही. तो स्वस्तात मिळवायचा असेल तर खाली बसावे, म्हणजे पक्ष्यामागची जमीन दूर जाते आणि आपोआप धूसर होते. बांधावर मांडी घालून बसलेला माणूस एफ/५.६ वर जे मिळवतो, ते उभ्या माणसाला एफ/४ वरही मिळेलच असे नाही.

लेन्समधल्या व्हीआरवर, म्हणजे थरथर कमी करणाऱ्या यंत्रणेवर किती विसंबावे, यातही अनेकांचा गोंधळ होतो. व्हीआर तुमच्या हाताची थरथर शोषून घेतो, प्राण्याची हालचाल थांबवत नाही. झाडाखाली निवांत बसलेल्या वाघाचा फोटो १/१२५ सेकंदाला सुद्धा निघेल, चालत्या वाघाला १/५०० हवेच आणि उडणाऱ्या बदकांना १/२००० च्या खाली जाऊ नये. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागाच नसते. तिथे बीनबॅग लागते. मी घरून रिकामी पिशवी नेते आणि चंद्रपुरात उतरल्यावर किराणा दुकानातून दोन-अडीच किलो तांदूळ घेऊन ती भरते. परतताना तांदूळ तिथेच कुणाला तरी उपयोगी पडतात. पिशवी जिप्सीच्या आडव्या दांड्यावर ठेवायची, लेन्सच्या नळीचा मधला भाग तिच्यात रुतवायचा आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगायचे. इंजिन चालू असताना ती बारीक कंपने दांड्यातून थेट लेन्समध्ये येतात आणि मग व्हीआरचाही फारसा इलाज चालत नाही.

आता कपाटातल्या डी५३०० कडे वळू, कारण तुमच्या प्रश्नात सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे आणि तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. जंगलात धुळीमुळे लेन्स बदलता येत नाही. मे महिन्यात तर पुढची गाडी गेली की पाच मिनिटे हवा पिवळट झालेली असते, आणि त्यात सेन्सर उघडा करणे म्हणजे त्यावर डाग ओढवून घेणे. म्हणून ताडोबात डी७५०० वर २००-५०० आणि डी५३०० वर तुमची ७०-३०० अशी जोडी न्या. समोरून वाघीण आली की दुसरा कॅमेरा उचलायचा. एक खात्री मात्र आधी करून घ्या: तुमची ७०-३०० एएफ-पी प्रकारची असेल, तर डी५३०० चे फर्मवेअर अद्ययावत असावे लागते, नाहीतर ती लेन्स त्यावर नीट चालत नाही. आणि पुढे कधी जुनी एएफ-डी प्रकारची लेन्स स्वस्तात मिळाली, तर डी५३०० मध्ये फोकस मोटर नाही हे ध्यानात ठेवा. ती लेन्स डी७५०० वर आपोआप फोकस करेल, डी५३०० वर हातानेच फिरवावी लागेल. ताडोबाच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे तलावाचा किंवा जंगलाचा रुंद फोटोही याच दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढायचा आहे. जुनी १८-५५ पडून असेल तर तीही पिशवीत टाका. विश्रामगृहातून निघण्यापूर्वी ती लावायची की ७०-३००, एवढेच ठरवायचे.

मिररलेसचा विचार चुकीचा नाही, फक्त तुमच्या पैशात त्याची वेळ आलेली नाही. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणे ही त्या कॅमेऱ्यांची देणगी खरी आहे, आणि उडत्या पक्ष्यांच्या बाबतीत तिच्यामुळे यशाचे प्रमाण बदलते हे मी नाकारत नाही. पण दीड लाखात बॉडी घेतली की लांब लेन्सला फारसे पैसे उरत नाहीत, आणि ३०० एमएमवर डोळा अचूक ओळखला गेला तरी खंड्या ५ मिलिमीटरचाच राहतो. २०२३ साली आलेली निकॉनच्या झेड या मिररलेस मालिकेची १८०-६०० ही लेन्स पाहिली तर मोह होईल, कारण झूम करताना तिची लांबी बदलत नाही आणि ती २००-५०० पेक्षा चांगली आहे, पण ती तुमच्या डी७५०० वर बसत नाही. उलट आज घेतलेली २००-५०० उद्याच्या झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालते. त्यामुळे आधी लेन्स आणि दोन-तीन वर्षांनी बॉडी हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. कॅननवाले वाचत असतील तर त्यांचाही हिशेब असाच आहे. ईएफ १००-४०० ची दुसरी आवृत्ती अडॅप्टर लावून मिररलेस आर मालिकेवर उत्तम चालते, आणि ती एका मीटरच्या आतही फोकस करत असल्यामुळे फुलपाखरे आणि चतुरही टिपते.

जवळच्या फोकसचा मुद्दा तुमच्यासाठीही आहे. २००-५०० ला किमान २.२ मीटर अंतर लागते. या जातीच्या लेन्ससाठी ते वाईट नाही, बांधावरचा सरडा किंवा मोठा चतुर बऱ्यापैकी मिळतो. पण कधी पावसाळ्यात आंबोलीला बेडूक आणि चापडा साप पाहायला जायचे ठरले, तर ही लेन्स घरीच राहू द्या. तिथे ९० ते १०५ एमएमची मॅक्रो लागते आणि तो सर्वस्वी वेगळा खर्च आहे.

तर २००-५०० घ्या. शक्य असल्यास वापरलेली घ्या, म्हणजे मोनोपॉड आणि चांगल्या दुर्बिणीला पैसे उरतील. घेण्यापूर्वी एक शनिवार-रविवार ती भाड्याने आणून नांदूरला न्या. नाशिकमध्ये न मिळाल्यास पुण्या-मुंबईत मिळतेच. रविवारच्या दुपारी मनगट काय म्हणते ते ऐका, आणि ते नाही म्हणाले तर ३०० पीएफ घ्या.

वापरलेली लेन्स घेताना आपली बॉडी आणि कार्ड घेऊन जा. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि किंमत कितीही उतरवली तरी तिथून उठा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये हे जास्त आढळते. दोन-चार धुळीचे कण मात्र मनावर घेऊ नका. झूमची कडी पूर्ण फिरवा, कुठे करकर जाणवते का पाहा. ५०० वर उघड्या अपर्चरला दहा मीटरवरच्या छापील कागदाचे आणि मग लांबच्या पाटीचे फोटो घ्या. दोन्ही सारखेच पुढे किंवा मागे सरकलेले असतील, तर डी७५०० मधल्या एएफ फाइन ट्यूनने ते जुळवता येते. एक धारदार आणि एक मऊ आला, तर जुळवत बसू नका. बिलावर भारतातली वॉरंटी आहे की माल ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत मार्गाने न आलेला आहे, हेही विचारा, कारण नंतर सेवा केंद्र पहिल्यांदा तेच विचारते.

नांदूरच्या बांधावर लेन्सच्या बाजूची फोकस मर्यादेची कळ सहा मीटर ते अनंत या टप्प्यावर ठेवा, नाहीतर गवताची काडी आडवी आली की फोकस जवळ धावतो आणि परत यायला वेळ लावतो. सरड्यासाठी ती पुन्हा पूर्ण टप्प्यावर आणायला मात्र विसरू नका.